वहिनीची डावी बाजू

माझा थोरला भाऊ रत्नाकर जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. म्हणजे तोफेच्या गाड्याचा एकेक दांडा, एकेक खीळ कागदावर काढायची, मापं टाकायची आणि खाली सही करायची. त्या कागदावरून शॉपमध्ये, म्हणजे यंत्रशाळेत, लोखंड कापलं जायचं. केसभर चुकलं तरी लोखंड वाया जातं, असं तो सांगायचा, आणि सांगताना अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये तो केस धरून दाखवायचा. नाकासमोर चालणारा माणूस. कारखान्याच्या गेटवर रोज झडती होत असे, आणि दादा असा की एखादी टाचणी चुकून खिशात राहिली असती तर दुसऱ्या दिवशी अर्ज करून परत दिली असती.

मी त्याची धाकटी बहीण विभावरी. मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे, लग्न केलं नाही, आणि जीभ तिखट. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं अण्णा माझ्याबद्दल म्हणायचे. अण्णा म्हणजे आमचे वडील, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. कांचघर वस्तीत दोन खोल्या, पुढे ओटा आणि मागे पडवी असं आमचं भाड्याचं घर, आणि त्यात आम्ही चौघं. चौथी म्हणजे दादाची बायको, हेमलतावहिनी.

वहिनी अमरावतीची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हसण्याचा आवाज शेजारच्या सत्यवतीदीदींच्या अंगणापर्यंत जायचा. सहासष्टच्या जानेवारीत ती माहेराहून परतली, गाडीत खिडकीशी बसून, आणि दोन दिवसांनी सकाळी चूळ भरताना ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आपोआप गळायला लागलं. तोंडावरून वारं गेलं होतं. डॉक्टर झाले, वैद्य झाले, शेक झाले. तीन-चार महिन्यांत बरंच सुधारलं, पण पुरतं नाही. गप्प बसली तर कोणाच्या लक्षात येऊ नये इतपत. बोलली की ओठ उजवीकडे ओढला जायचा, आणि हसली की जास्तच.

तेव्हापासून तिचा पदर डाव्या गालावर आणि हात पदरावर. हळदीकुंकवाला जाणं बंद, फोटो बंद. हसायची ती पदराआड, आवाज न करता. आणि आम्ही घरातले सगळे इतके शहाणे की त्याबद्दल चकार शब्द काढत नसू. तिला वाईट वाटायला नको म्हणून. वाढताना तिचा डावा गाल समोर आला की आम्ही तिघंही वरणाकडे बघायचो. इतकं वरण जगात कोणी पाहिलं नसेल.

एकाहत्तरच्या खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी आपापल्या हत्यारांची पूजा करायची आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. पाटावर अण्णांची शिट्टी, माझी पट्टी, वहिनीची विळी आणि दादाची कंपासपेटी मांडली होती. दादा पाटाभोवती घुटमळत होता.

"काय दादा, एक दिवस पेन्सिल नाही तर असा काहून होऊन राहिला?" मी म्हटलं.

"सवय आहे न."

"सवय कसली! पंधरा वर्षं झाली, तुला नट काढता येतो, बोल्ट काढता येतो. एक माणूस काढून दाखव."

"माणूस नटापेक्षा सोपा. त्याला आटे नसतात."

"मग काढ न. नुसता बोलून काहून राहिला?"

दादाला चिडवलं की तो चिडत नसे, ठरवत असे. हा त्याचा जुना रोग. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर त्याने भिंतीवर एक कागद चिकटवला. पुढच्या दसऱ्यापर्यंत बारा चेहरे, घरातले आणि मित्रमंडळींचे. खाली ओळीने नावं. पहिली मी, कारण चिडवणारी मी. मग अण्णा. मग शॉपमधला फिटर रामराव, जो वर्ध्याकडचा आणि दादाचा जिवलग. मग सत्यवतीदीदी, ऑफिसातली मंडळी, मावशी. आणि बाराव्या आकड्यापुढे हेमलता.

"मला सोडून," वहिनी म्हणाली.

"मग अकराच होतात."

"अकरा काय वाईट आहेत?"

"बारा लिहिले आहेत," दादा म्हणाला. लिहिलेलं बदलायचं तर त्याला वरिष्ठांची सही लागायची, आणि घरात त्याला वरिष्ठ कोणी नव्हतं.

वहिनी आत गेली. जाताना तिचा पदर जवळजवळ डोळ्यांपर्यंत वर आला होता. मी मनात म्हटलं, विभावरी, ही आग तू लावलीस. बारावं नाव खोडलं तर दादाचा पण मोडणार, आणि नाही खोडलं तर वहिनीला कागदासमोर बसावं लागणार. वर्षभर हे माझ्या मनात सलत राहिलं.

कारखान्यात प्रत्येक ड्रॉईंगवर दोन सह्या असतात, एक काढणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. दादाने तोच नियम घरी आणला. चित्राच्या कोपऱ्यात चौकोन. ज्याचा चेहरा आहे त्याला ओळखणारं माणूस बोलवायचं, नाव न सांगता चित्र दाखवायचं, त्याने ओळखलं तर चौकोनात सही. नाही ओळखलं तर चित्र रद्द. कागद म्हणून जुन्या कॅलेंडरांच्या पाठी. सत्यवतीदीदींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे भैया, हमारे पीछे लक्ष्मीजी? हम तो धन्य हो गए!"

पहिल्या रविवारी त्याने मला खिडकीशी स्टुलावर बसवलं आणि मापाचा चिमटा घेऊन माझं नाक मोजलं. मग कान, कपाळ, दोन डोळ्यांमधलं अंतर. चिमट्याची टोकं गार होती. मग कागदाच्या मधोमध त्याने एक उभी तुटक रेघ मारली.

"ही कसली?"

"सेंटर लाईन. हलू नको."

एखादी वस्तू दोन्हीकडून सारखी असली की कारखान्यात अर्धीच काढतात, दुसरी बाजू तशीच समजायची. दादाने माझा उजवा अर्धा चेहरा दोन तास मन लावून काढला. मग त्यावर ट्रेसिंगचा पातळ कागद ठेवून गिरवला, कागद उलटा केला आणि तोच अर्धा रेघेच्या दुसऱ्या बाजूला उतरवला. डावीकडे बघितलंसुद्धा नाही. "वेळ वाचतो," म्हणाला.

तपासायला सत्यवतीदीदी आल्या. "कितनी सुंदर हैं! कौन हैं ये, भैया?" मी तिथेच उभी होते.

अण्णांनी त्यांचंच चित्र चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "सज्जन माणूस दिसतो. आपल्या नात्यातला आहे काय?" रामरावांनी तर मान हलवून सांगितलं, "भाऊ, हा मी नोहो. माह्या मोठ्या भावावानी दिसते. पण मले मोठा भाऊच नाही."

तीन चित्रं, तिन्ही रद्द. दादाने पुन्हा चिमटा काढून तिघांची नाकं मोजली. "मापं बरोबर आहेत," तो म्हणायचा. "मापं बरोबर आहेत." मला आधी हसू आलं, मग कीव आली. मापं बरोबर असूनही गोष्ट चुकते, हे त्याला पंधरा वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

वहिनी आत पोळ्या करत होती. ती दारात आली, पदर धरून, आणि माझ्या चित्राकडे बघून म्हणाली, "विभाताईंची डावी भुवई वर असते. उजवी नाही. ह्या चित्रातल्या विभाताईंना रागावताच येणार नाही."

दादाने चिमटा खाली ठेवला.

"अण्णा डावा डोळा बारीक करतात. गाडीतून मागे वाकून पाहायची सवय. आणि रामरावभाऊंचं नाक तर उजवीकडे निघून जाते. तुम्ही सगळ्यांची एकच बाजू दोनदा काढून राहिले. माणसाच्या दोन बाजू कधी सारख्या असतात काय?"

हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी लगेच काहीतरी चुरचुरीत बोलले असते. तिने म्हटलं, आणि मी उठून आरशात आपल्या भुवया पाहिल्या. पोळी करपल्याचा वास आला तेव्हा ती आत गेली. रामराव आपलं नाक बोटाने चाचपत होते. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की साडेपाच वर्षं ती पदराआडून लोकांचे चेहरेच बघत होती, डावी बाजू उजवीशी ताडून. आपल्याएवढं वाकडं आणखी कोणी आहे का, हे शोधत असेल बिचारी. आणि तिला आढळलं की थोडे थोडे सगळेच आहेत.

सेंटर लाईन गेली, ट्रेसिंग गेलं. वहिनी दादाच्या मागे उभी राहू लागली. "थोडं वर. अजून. हं." एवढंच बोलायची. माझं चित्र दुसऱ्यांदा झालं तेव्हा सत्यवतीदीदी दारातूनच म्हणाल्या, "हे भगवान, मास्टरनी जी! किस पर बिगड़ रही हैं?" आणि सही केली. मला ते चित्र मुळीच आवडलं नाही, म्हणजे ते अगदी बरोबर होतं.

मग लढाई लागली. तसं वर्षभरच शॉपमध्ये काम वाढलेलं होतं, डिसेंबरात रविवारच उरला नाही. संध्याकाळी दिव्यांना काळे कागद, रस्त्यावर अंधार, आणि हजारो सायकली दिवा न लावता घंटी वाजवत घरी परतायच्या. दादा सकाळी भोंगा व्हायच्या आधी अर्धा तास चित्राला बसायचा. "दिवसभर तोफा काढायच्या आहेत, आधी एक माणूस काढून घेतो," म्हणायचा. तो असली वाक्यं सहसा बोलत नसे, म्हणून मला ते आठवतं.

रामरावांची पाळी बारा बारा तासांची. एका सकाळी ते पाळी संपवून थेट आमच्याकडे आले, स्टुलावर बसले आणि बसल्या बसल्या झोपले. दादाने तसंच काढलं. तोंड अर्धं उघडं, हातावर वंगण, नाक उजवीकडे. ते चित्र गावी गेलं, आणि रामरावांच्या बायकोने सही म्हणून अंगठा उठवून परत पाठवलं. सोबत निरोप होता, 'असेच झोपतात. जेवू घालत जा.' लढाई संपल्याची बातमी आली तेव्हा गल्लीत पेढे वाटले, आणि आमच्या भिंतीवर चार चेहरे झाले होते.

जुलैपर्यंत दहा झाले. शेजारपाजारचे लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. वहिनी दार उघडायची, पदर धरून, आणि आत निघून जायची. येणाऱ्यांना वाटायचं, सगळी करामत दादाची. दादा सांगायचा की अर्धं काम हिचं आहे. लोकांना तो नवऱ्याचा मोठेपणा वाटायचा.

बाराव्या नावाबद्दल तो काही बोलत नव्हता. मला वाटलं, शहाणा झाला, सोडून दिलं. माझा भाऊ शहाणा झाला असं ज्या ज्या वेळी मला वाटलं त्या त्या वेळी मी फसले आहे.

श्रावणातल्या एका रविवारी त्याने मला ओट्यावर बोलावलं आणि गुंडाळी उलगडली. वहिनी होती. लग्नाच्या फोटोवरून आणि तिच्या उजव्या बाजूवरून, चोरून, ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत त्याने काढली होती. उजवा अर्धा काढून उलटा उतरवला होता, जुन्या पद्धतीने. दोन्ही गाल सारखे, ओठ सरळ, डोळे शांत. फार देखणी दिसत होती. मी म्हटलं, "वा, दादा!" हे मी कबूल करते, कारण हे लपवलं तर पुढचं सगळं खोटं होईल. मला ते आवडलं. वहिनीला तिचा चेहरा परत मिळाला असं मला वाटलं.

त्याने ते तिच्या हातात दिलं. तिने उजेडात नेऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली. "ओळखूही येते. पण ही बाई सहासष्टच्या जानेवारीत गेली हो."

"हेमा, मी फक्त..."

"तुम्ही रोज जेवायला बसता तेव्हा समोर हीच दिसते काय तुम्हाला? मग वाढून कोण राहिली?"

चित्र तिने फाडलं नाही. नीट गुंडाळून कंपासपेटीवर ठेवलं आणि तांदूळ निवडायला बसली. त्या दिवसापासून ती दादाच्या मागे उभी राहायची बंद झाली. अकरावा चेहरा मावशीचा, तो तसाच अर्धा पडून राहिला, कारण वहिनीशिवाय दादाला मावशीचे दोन कान जुळेनात. घरात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं. "अहो, चहा," "अहो, डबा," एवढंच. अण्णा दिवसभर ओट्यावर बसू लागले. मला दादाचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा, कारण 'वा' मी म्हटलं होतं.

आठ-दहा दिवसांनी, अण्णा देवळात गेलेले पाहून मी त्याला ओट्यावर गाठलं. म्हटलं, "चूक झाली तर माफी माग. चेहरा आहे तसा काढ न तिचा. एवढा काय शास्त्रार्थ आहे त्यात?"

तो सायकलचं चाक उगाच फिरवत होता. "काढता येत नाही, विभा."

"काहून?"

"मला तिची डावी बाजू माहीतच नाही." मग चाक थांबवून म्हणाला, "तिला वाटू नये की मी तेच बघतो, म्हणून मी तिकडे कधी बघितलंच नाही. सहा वर्षं. तोफेचा दांडा डोळे मिटून काढून देईन. माझ्या बायकोचा गाल मला येत नाही."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण मी रडले नाही, मी खेकसले, कारण मला तेच येतं. "मग हे मला सांगून काय उपयोग? आत जा. तिला सांग."

तो गेला. दोन खोल्यांच्या घरात गुपित फक्त बहिऱ्यापुरतं असतं, त्यामुळे मी ओट्यावर बसून सगळं ऐकलं. त्याने मला सांगितलं तसंच तिला सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मग वहिनी म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला किळस येते."

दादा रडला. आई गेली तेव्हा त्याने सगळ्यांना सावरलं होतं, डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. त्या दिवशी स्वयंपाकघरात तो लहान पोरासारखा रडला, आणि वहिनी "अहो, ऐकू जाईल न विभाताईंना" म्हणत राहिली. विभाताई ओट्यावर पदराने डोळे पुसत होत्या.

तिने अट घातली. "आधी पाहा. पेन्सिल नंतर."

मग रोज पाचचा भोंगा झाला, दादा घरी आला, की दोघं मागच्या पडवीत चहाला बसू लागली. तो तिच्या डावीकडे, ती पदर खाली घेऊन. पहिल्या दिवशी ती दोन मिनिटं बसली आणि दूध उतू जाईल म्हणून उठली. त्या दिवशी दूध आलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी थोडी जास्त. मी त्या वेळेला मुद्दाम वह्या तपासायला सत्यवतीदीदींकडे जायची. अण्णा पुढच्या ओट्यावर पेपर उघडून बसायचे आणि कोणी आलं तर सांगायचे, "लाइन क्लिअर नाही. अर्ध्या तासानं या." गार्डाची नोकरी अशी पुन्हा लागल्यामुळे ते खुशीत होते.

पंधरा-वीस दिवस हे चाललं. मावशीचे कानही मधल्या काळात जुळले. एकदा मी वह्या घेऊन लवकर परतले तर पडवीतून बोलणं ऐकू आलं. वहिनी सांगत होती, त्या गालाला पाऊस पडणार असला की आधी कळतं. दादा विचारत होता, कसं कळतं, आत की वरून? एखाद्या यंत्राची माहिती घ्यावी तसं विचारत होता. तिला ते चालत होतं. मला वाटतं, तिला तेच हवं होतं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तो पेन्सिल घेऊन बसला. सकाळची वेळ, खिडकीशी स्टूल. या वेळी मी घरात होते आणि अण्णाही, कारण वहिनीनेच म्हटलं, "राहू द्या त्यांना." तिने पदर खांद्यावरून मागे घेतला, हात मांडीवर ठेवले. मी वरणाकडे बघायच्या सवयीने जमिनीकडे बघत होते. मग मान वर केली आणि पाहिलं. वाईट वगैरे काही नव्हतं. एक बाजू थोडी थकलेली, एक ताजी. एवढ्यासाठी आम्ही इतकी वर्षं मान खाली घालून जेवलो होतो!

तास-दीड तासाने ती तपासायला उठली. तपासणाऱ्याचा हक्क तिने सोडलेला नव्हता. चित्र पाहून म्हणाली, "डोळा चुकला. माझा डावा डोळा मोठा राहतो, पुरता मिटत नाही. तुम्ही बारीक काढला."

"झोपेत मोठा राहतो," दादा म्हणाला. "तू हसायला लागलीस की बारीक होतो. डोळा मारल्यासारखा."

"काहीतरीच! मी कोणाला डोळा मारला?"

"रोज मारून राहिली. परवा अण्णांना मारला."

"मारला," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "मी शिट्टी वाजवणार होतो."

वहिनी हसली. आवाज करून, पूर्वीसारखी, ओठ उजवीकडे पार कानाशी ओढला गेला आणि डावा डोळा खरंच मिचकावला. दादाने बोट दाखवलं, "हा बघ, हा!" तर ती आणखी हसली. सहा वर्षं तिने हसताना आरसा पाहिला नव्हता, म्हणून आपला चेहरा हसताना काय करतो हे तिला माहीतच नव्हतं. ते तोवर जगात एकट्या दादालाच माहीत होतं. तिचे दोन्ही हात मांडीवरच राहिले. भिंतीपलीकडून सत्यवतीदीदींचा आवाज आला, "क्या हुआ भाभी? सब ठीक?"

त्यांनाच बोलावलं आणि चित्र दाखवलं. त्या चित्राकडे बघू लागल्या, मग वहिनीकडे, मग पुन्हा चित्राकडे. मग त्यांनी चौकोन पुरा भरून सही केली. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाने भिंतीवरचे बारा चेहरे पाहिले. दादाचा पण पुरा झाला, आणि मी त्याला चिडवायला दुसरं काहीतरी शोधलं.

संक्रांतीला आमच्या मराठी मंडळात हळदीकुंकू होतं. वहिनी म्हणाली, "मी येते." मी काही न बोलता तिची जांभळी साडी इस्त्रीला दिली. पदर खांद्यावर, गालावर नाही. मी मनात बाह्या सरसावूनच गेले होते की कोणी काही बोललं तर तिथल्या तिथे उतरवते. झालंही तसंच. तिळगूळ हातात घेताच एक धीट, पोक्त बाई म्हणाली, "काहून हो, तोंडाला काय झालं तुमच्या?"

मी तोंड उघडलं. पण वहिनीच बोलायला लागली. गाडी, खिडकी, गार वारा, सगळं सांगितलं. मग कोणी राईच्या तेलाचं सांगितलं, कोणी आपल्या जावेची गोष्ट काढली, कोणी म्हणालं, माझ्या मामेभावाचं तर अजून तसंच आहे. पाच मिनिटांत ती त्या घोळक्यात अशी बसली की मला जागा उरली नाही. मी एका कोपऱ्यात वाण सांभाळत बसले.

परतताना आम्ही दोघी सायकलरिक्षात होतो. वहिनी वैतागली होती, पण खुशीत वैतागली होती. "किती औषधं सांगतात हो बायका! एवढी घेतली तर दुसरी बाजूही जाईल." मग हसली. मग पदर खांद्यावर सारखा केला.

"विभाताई, एक विचारू? तुम्ही सगळ्यांना सगळं तोंडावर विचारता. मला हे एवढ्या वर्षांत कधी काहून नाही विचारलं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं असतं," ती म्हणाली. "आणि मग बरं वाटलं असतं."

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, ज़रा धीरे चलो." मग वहिनीकडे वळून बसले, तिच्या डाव्या गालाकडे नीट बघितलं आणि म्हटलं, "त्या दिवशी सकाळी चूळ भरताना काय झालं, ते सांग मला. पहिल्यापासून."